सिस्टरबाई आणि एकवीस पट्ट्या

हृदयरोगाची पाहणी करायला आलेल्या संस्थेने सिस्टरबाईंना फसवलं, आणि मी दिलेल्या शब्दामुळे माझ्या शेडवरच्या एकवीस बाया फसल्या. हे आधी सांगून टाकते. माझा धंदा सौद्याचा आहे. सौद्यात कोणी कोणाला गंडवलं ते पहिल्यांदा बोलून मोकळं झालं की पुढचं बोलणं सोपं जातं.

संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांचं त्यांना माहीत आहे. सिस्टरबाईंचंही लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं. त्यांना स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं आवडायचं नाही. आयुष्य आरोग्य उपकेंद्रात काढून निवृत्त झाल्या तेव्हा गावाने सत्काराचा फलक रंगवला होता. त्यावरचं नाव त्यांनी स्वतः चुना लावून पुसलं आणि म्हणाल्या, "सुया मी टोचल्या, पण दंड तुमचे होते. तुमची नावं लिहा."

मी पेरूच्या बागा घेते. कोल्हारपासून राहात्यापर्यंत. झाडावर फळ असतानाच बाग उक्ती, एकरकमी ठरवायची, तोडा आपल्या बायांकडून करायचा, माल आपण विकायचा. सुरुवात केली ती डोक्यावर पाटी घेऊन, शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांच्या काचा ठोकत. आज शेड आहे, दोन टेम्पो आहेत. कोणी हातात आणून दिलं नाही, सगळं भांडून मिळवलं. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. लहान आवाजाच्या बाईला या रस्त्यावर कोणी बाग दिली असती का, ते त्यांनी सांगावं.

सिस्टरबाई पहिल्यांदा आल्या त्या भांडायलाच. निदान मला तसं वाटलं. उंच, हडकुळ्या, साठी ओलांडलेली. पांढरी सुती साडी आणि तिच्याखाली शाळेतल्या पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. पाठीला दप्तर. दोन्ही मनगटांवर घड्याळं. शेडच्या पुढे रस्त्यावर मी सुटे पेरू विकायला बसवते, तिथून त्यांनी एक उचलला. मी चिरून तिखटमीठ लावायला हात पुढे केला, तर त्यांनी मिठाची वाटी बाजूला सारली.

"एवढं मीठ कोण खातं?"

"गिऱ्हाईक."

"आणि दिवसाकाठी उरतं ते?"

"बाया खात्यात भाकरीसंगं. का?"

"मग तू पेरू नाही विकत. मीठ विकतेस."

माझं डोकं फिरलं. "घ्यायचा असल तर घ्या, न्हाईतर वाट सोडा. मागं गाडी थांबलीय."

त्यांनी मी सांगितला तो भाव दिला आणि निघून गेल्या. याचा मला जास्त राग आला. मी भाव चढवूनच सांगते. तो पाडून घेणं हा समोरच्याने मला दिलेला मान असतो. ही बाई मला मीठवाली म्हणाली आणि वर सांगितला तो भाव देऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी मिठाची वाटी आधीच उचलून आत ठेवली, त्या हसल्या, आणि आमची ओळख झाली.

दोन घड्याळांचं मी एकदा विचारलं. डाव्या हातातलं वेळेचं, उजव्या हातातलं नाडीचं. वेळेचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे.

"मग नाडीच्या घड्याळात बघा की वेळ."

"त्याला त्याचं काम करू दे," त्या म्हणाल्या, जणू घड्याळ नोकरीला होतं.

पाहणीचं काम त्यांना निवृत्तीनंतर मिळालं होतं. गावोगावच्या माणसांचं हृदय तपासायचं, ईसीजी काढायचा, फॉर्म भरायचा. संस्थेने यादी जुन्या रेशनकार्डावरून केली होती. कार्डावर पहिलं नाव घरातल्या पुरुषाचं, म्हणून यादीत पुरुषच वर. बायांची नावं खाली होती, पण पाहणीची पोरं सकाळी दहाला मंदिरासमोर टेबल टाकून बसायची. दहाला बाई मंदिरासमोर कशी असेल? ती बागेत असते, गोठ्यात असते, नाहीतर दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. पोरं तीन वेळा घरी जायची आणि फॉर्मवर शिक्का मारायची : "उपलब्ध नाही."

सिस्टरबाईंनी तो शिक्का दप्तरात टाकला आणि कधीच बाहेर काढला नाही. "घरात नाही म्हणजे मेली का? कुठंतरी असलच," म्हणायच्या. आणि बाया जिथे असतील तिथे चालत जायच्या. मी माझ्या स्कूटीवर सोडते म्हटलं तर नको. त्यांची तपासणी चालण्यातच असायची, ते मला पुढे कळलं.

शेडजवळच्या बागेपासून शेडपर्यंत बाया डोक्यावर क्रेट घेऊन येतात. वाटेत आधी बांधावरची बाभूळ लागते, मग पाटाची मोरी, मग शेड. सिस्टरबाई म्हणायच्या, "तू हो पुढं, मी येते मागनं." आणि कोण बाई कुठे क्रेट टेकवते ते वहीत लिहायच्या.

एकदा मला विचारलं, "मागच्या साली मोरीवर टेकायची आणि औंदा बाभळीलाच टेकते, अशी कोण आहे?"

मी म्हणाले, "शकीला. पयली लई चपळ हुती. आता कामचुकार झालीय."

त्या थांबल्या. नाडीचं घड्याळ चाचपलं. "कामचुकार म्हणालीस तिला? तोंडावर?"

"म्हणाले. का, न्हाई म्हणायचं?"

"उद्यापासून तुला जी जी बाई कामचुकार वाटेल, ती आधी माझ्याकडं पाठव."

ते मला लागलं. शकीला माझ्याकडे शेड नव्हतं तेव्हापासून आहे. पाटी घेऊन रस्त्यावर उभी राहायचे तेव्हा माझ्या शेजारी तिची पाटी असायची.

मग सौदा झाला. सिस्टरबाईंना माझ्या सगळ्या बाया तपासायच्या होत्या, शेडवर, कामाच्या वेळात. मी म्हणाले, वेळ माझा जाणार, मग अटीही माझ्या. त्या म्हणाल्या, साहेबांशी बोल. संस्थेचे साहेब जीपमधून आले. तरुण डॉक्टर, गोड बोलणारे, बूट बाहेर काढून शेडमध्ये आले. मी अटी सांगितल्या. पडदा लागेल. मशीनला हात लावणारी बाईच पाहिजे. आणि ज्या बाईची तपासणी, तिचा कागद तिच्या हातात, मराठीत. नवऱ्याच्या हातात नाही, माझ्याही नाही.

"अगदी बरोबर आहे, ताई. प्रत्येकीला अहवाल घरपोच मिळेल. हा माझा शब्द."

मी चार झाडांची बाग घेतली तरी शेतकऱ्याकडून चिठ्ठी लिहून घेते, खाली सही घेते, सख्ख्या मामाकडूनसुद्धा. त्या दिवशी नाही घेतली. डॉक्टर होते, ताई म्हणाले, बूट काढून आले. मला वाटलं, इथे चिठ्ठी मागणं बरं दिसणार नाही. मी बायांना एका ओळीत उभं करून सांगितलं, "कागद मिळणार हाय. मी सांगते म्हंजे मिळणार." माझ्या आयुष्यातला हा एकच सौदा मी बिनचिठ्ठीचा केला, आणि तोच बुडाला.

त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. शेडच्या कोपऱ्यात दोरी, दोरीवर दवाखान्यातली जुनी हिरवी चादर, दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे. आत क्रेट उलटे मांडून त्यावर सतरंजी. आधी एकदा मंदिरासमोरच्या टेबलावर कोणी पोरगा आलेल्या चार बायांना म्हणाला होता, "बांगड्या काढा, चिमटा बसत नाही." सगळ्या उठून घरी गेल्या होत्या. नवरा जिवंत असताना तपासणीसाठी हात मोकळे कोण करेल? सिस्टरबाईंच्या दप्तरात धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या असायच्या. बांगड्या वर सरकवून त्या पट्टीने बांधायच्या, मनगट मोकळं करायच्या, मग मशीनचा चिमटा लावायच्या. झालं की पट्टी सोडायची, बांगड्या खणखणत खाली. एकही बांगडी फुटली नाही. त्या आवाजावरून बाहेरच्या बाईला कळायचं की आपला नंबर आला.

फॉर्मवर प्रश्न असायचा, छातीत दुखतं का? सगळ्या बाया एका सुरात, "न्हाई."

"‘नाही’ म्हणणारी बाई मी सगळ्यात आधी तपासते," सिस्टरबाई म्हणायच्या. मग त्या विचारायच्या, पहाटे पाठीत भरून येतं का, भाकरी थापताना घाम सुटतो का, जबडा अवघडतो का, पित्त किती दिवस आहे. तेव्हा बाया बोलायला लागायच्या. एवढं सगळं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. त्या समासात लिहायच्या, वरून खाली, कागद आडवा करून, मागच्या बाजूला. "हे रकाने कुणा बाप्यानं पाडलेत. आपलं दुखणं त्यात मावत नाही," म्हणायच्या.

शकीलाच्या ईसीजीची कागदाची पट्टी मशीनमधून बाहेर आली तेव्हा त्यांनी ती दोनदा पाहिली. मी पडद्याआड डोकावले. "काय निघालं?"

"तू बाहेर हो. कागद तिचा आहे." मग पट्टी संस्थेकडे जाणाऱ्या फॉर्मला टाचली आणि शकीलाला म्हणाल्या, "अहवाल आला की मोठ्या डॉक्टरला दाखवायचा. विसरायचं नाही."

शकीला साडी सावरत, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मला काय बी झालं न्हाई, सिस्टरबाई. अक्काला तपासा. दिवसभर वरडती, तिच्या छातीत काय तरी नक्की असल."

बाया खदखदून हसल्या. सिस्टरबाई हसल्या नाहीत. मलाही आडवं केलं. माझ्या फॉर्मवरही लिहिलंय : छातीत दुखणे, नाही. ते मीच सांगितलं होतं.

यानंतर महिनाभराने, थंडीत, मी एक बाग ठरवायला गेले. बाग तात्यांची, नदीकडेची. तात्या आणि मी जुने वैरी. आमचा सौदा दोन चहांच्या आत कधी मिटलेला नाही. सकाळपासून माझी दाढ ठणकत होती. पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे, कोणी क्रेट ठेवल्यासारखं वाटत होतं. थंडीत घाम. मी जिरं खाल्लं, वर सोडा प्यायले. पित्त, दुसरं काय. सिस्टरबाई त्या दिवशी आमच्याबरोबर होत्या, शेजारच्या बागेत बायांच्या मागे चालायला.

तात्यांनी भाव सांगितला. असा भाव की एरवी मी त्यांच्या बापजाद्यांपर्यंत गेले असते.

मी म्हणाले, "बरं. ठीक हाय."

तात्या उठून उभे राहिले. "अहो अक्का, न्हाई, म्हंजे मी आपलं सुरवातीचं बोललो. तुमी बोला की काय तरी."

"ठीक हाय म्हणाले ना."

सिस्टरबाई बांधावर होत्या. तिथूनच ओरडल्या, "काय म्हणाली ही?"

"व्हय म्हणाली," तात्या म्हणाले. त्यांचाच आवाज घाबरलेला.

"पहिल्याच भावाला?"

आणि त्या धावल्या. कॅनव्हासच्या बुटांचा काय उपयोग होता तो मला त्या दिवशी दिसला.

"जबडा दुखतो?"

"दाढ हाय."

"कुठली? बोटानं दाखव."

मी बोट तोंडात घातलं आणि मला दाखवता येईना. दुखत होतं, पण दाढ सापडत नव्हती. त्यांनी मला तिथेच झाडाखाली क्रेटवर आडवं केलं, तात्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा म्हशीकडं बघून या," आणि बायांनी चारी बाजूंनी पदर धरले. दप्तरातून मशीन काढलं, बांगड्या वर सरकवल्या, बांधल्या, चिमटे लावले. पट्टी आली. ती त्यांनी एकदाच बघितली. एक गोळी माझ्या तोंडात कोंबली. "चघळ. गिळू नको. भांडूही नको."

तात्यांनी स्वतः गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सारखे मागे वळून म्हणत होते, "अक्का, भाव कमी करतो. तुमी म्हणाल तेवढा. बोला तर खरं."

दवाखान्यात तोवर घरून आमचे मालक येऊन पोहोचले होते. तिथल्या डॉक्टरने त्यांनाच विचारलं, "काय त्रास होतोय?"

"दुखतंय हिला आणि विचारता त्यांना?" सिस्टरबाई म्हणाल्या.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, पट्टी पाहिली. "विशेष काही नाही यात. गॅस झालाय. या वयात बायकांना टेन्शनने होतं असं. गोळी देतो."

मालकांच्या चेहऱ्यावर जीव आला. माझ्याही. गॅस म्हटल्यावर कोणाला बरं वाटत नाही? पण सिस्टरबाई टेबलासमोरून हलल्या नाहीत.

"साहेब, ही बाई पहिल्या भावाला हो म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला काहीतरी झालंय. या पट्टीत इथं बारीकसं दिसतं, मला दिसतं. अर्ध्या तासानं दुसरी काढा. रक्त तपासा. नाही निघालं तर सगळ्यांच्या पुढं तुमची माफी मागते. लेखी देते."

डॉक्टर चिडला होता. पण त्याने दुसरी पट्टी काढली, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. मग तो स्वतः उठून पळाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण चूक समजल्यावर पळणारी माणसं थोडी असतात. तोच माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसून नगरपर्यंत आला. नगरला हृदयाच्या नळीत जाळी बसवली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, झाडाखाली काढलेली पहिली पट्टी होती म्हणून फरक कळला. ती पट्टी त्यांनी माझ्या फाईलला टाचली, म्हणून ती आजही माझ्याकडे आहे.

घरी आल्यावर मी त्या पहिल्या डॉक्टरला शिव्या घालायला लागले. सिस्टरबाईंनी मला घालू दिल्या, मग म्हणाल्या, "झालं? त्याचं काय चुकलं? त्याच्या पुस्तकात बाप्याचं दुखणं छापलंय. छातीवर हात धरून खाली बसणारा बाप्या. तुझं दुखणं त्यानं कुठं वाचावं?"

"मग छापा की आमचं."

"त्यासाठीच तर बांगड्या बांधत फिरते," त्या म्हणाल्या.

पाहणीत सापडलं ते सांगायला पुढच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. तोवर कोणाचाही कागद आला नव्हता. साहेब म्हणत होते, सभेच्या वेळी बघू. पुढे खुर्च्यांवर पुरुष. माझ्या बाया मागे, दाराशी, भिंतीला टेकून. सिस्टरबाईंना पुढे खुर्ची ठेवली होती, त्या बायांत जाऊन खाली बसल्या. मी तिसऱ्या रांगेत, छातीत जाळी घेऊन. भिंतीवर चित्रं पडत होती. साहेब म्हणाले, "आपल्या भागातील महिलांमध्ये हृदयविकार कमी आढळला, ही आनंदाची बाब आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. "साहेब, माझी जाळी कशात धरली? कमीत का जास्तीत?"

"ताई, बसा ना. आपलं नंतर बोलू."

"नंतर न्हाई. आता."

त्यांनी शेजारच्या मुलीकडून लॅपटॉप ओढला. "तुमच्या फॉर्मवर छातीत दुखणे, नाही असं आहे. तुमचा प्रसंग त्यानंतरचा."

"आणि माझ्या एकवीस बाया?"

त्यांनी लॅपटॉपवर यादी वरखाली केली. "ते फॉर्म अपूर्ण होते. समासात, मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं होतं. हिशेबात घेता आले नाहीत."

"रकान्याच्या बाहेर गेलं म्हंजे जास्त झालं. अपूर्ण कसं?"

हॉलमध्ये कोणी हसलं. साहेबांचे कान लाल झाले. मला अजून बोलायचं होतं, पण मागून सिस्टरबाईंचा आवाज आला. त्या उठल्या नव्हत्या, खालूनच बोलल्या. "हिशेबात घेऊ नका. पण कागद तर त्यांचे त्यांना द्या. पट्ट्या तरी द्या."

"मी वर विचारतो," साहेब म्हणाले.

त्यानंतर दोनच गोष्टी झाल्या. सिस्टरबाईंना कळवलं की त्यांनी पाहणीचे नियम पाळले नाहीत, उद्यापासून येऊ नये. आणि एक माणूस येऊन मशीन घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई शेडवर हजर. दप्तर पाठीला, दप्तर रिकामं. मी सणकले. "तुमाला काढलं त्यांनी! चला, टेम्पो काढते, त्यांच्या हापिसात जाऊन एकेकाला..."

"ओरडू नको. तुला मनाई आहे." मग काखेतली वही उघडली. "मशीन गेलं. पाय आहेत. चला गं, कोण भरतंय क्रेट?"

त्या पुढेही येत राहिल्या, पगार नाही, काही नाही. मी पैसे देऊ केले तर म्हणाल्या, पेरू दे, बिनमिठाचा. आणि मी सांगितलेला भाव ठेवून गेल्या. मी त्यांच्यासाठी भाव उतरवून सांगायला लागले होते, हे त्यांना कधी कळलं की नाही, ठाऊक नाही. संस्थेला त्यांनी पाच पत्रं लिहिली. पाचांमध्ये एकच मागणी, पट्ट्या परत द्या. पत्राखाली सही होती तेवढंच त्यांचं नाव मी लिहिलेलं पाहिलं.

त्यांनी मला काय दिलं ते सांगायला बसले तर मला नीट जमत नाही. जीव दिला, ते तर आहेच. पण मी आता बाईला कामचुकार म्हणत नाही. बाभळीपासून शेडपर्यंत मी हातगाडी घेतली. क्रेट डोक्यावर कमी येतात. तालुक्याच्या त्या डॉक्टरने आपल्या दवाखान्यात पांढऱ्या पट्ट्या ठेवल्यात, बांगड्या बांधायला. बाई आली की तो आता बाईलाच विचारतो, आणि पित्त म्हणाली तर आडवं व्हायला सांगतो. मी गेले की मला म्हणतो, "काय अक्का, आज कुणाशी भांडलात?" मी तीनचार जणांची नावं सांगते, मग तो म्हणतो, तब्येत चांगली आहे. हे सगळं एका बाईने, रिकाम्या दप्तरानिशी.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. बहिणीच्या घरी, झोपेत. त्या दिवशी मी शेड बंद ठेवलं. तोड्याला आलेला माल झाडावर गळू देऊन मी शेड बंद ठेवणारी नव्हे, हे सगळा रस्ता जाणतो. एकवीसच्या एकवीस बाया टेम्पोत बसून आल्या. तात्याही आले. कोणी भाषण केलं नाही, ते बरं झालं, त्यांनी मधेच थांबवलं असतं.

आता शकीलाचं. महिन्यामागे ती बाभळीपर्यंतही पोहोचली नाही. बागेतच बसली. मी तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरने पट्टी काढली, पाहिली, परत पाहिली.

"इथं बदल दिसतोय. पण हा जुना आहे की आत्ताचा, ते महत्त्वाचं आहे. आधी कधी ईसीजी काढला होता?"

शकीला म्हणाली, "काढला व्हता की. सिस्टरबाईंनी, शेडवर. तवा पण दोनदा बघितलं व्हतं त्यांनी." मग माझ्याकडे वळली. "अक्का, तो कागद तुमच्याकडं असल ना?"

फसवलं असं ती म्हणाली नाही. तिच्या मनातही नव्हतं. मी सांगते म्हणजे मिळणार, असं मी म्हणाले होते, आणि ती अजून त्याच ओळीत उभी होती.

डॉक्टर म्हणाले, नसला तरी तपासू, नगरला पाठवू, सगळं करू. पण असता तर फार बरं झालं असतं.

तेव्हा, साहेब, हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्याकडून मला पैसे नकोत, माफीही नको. वर विचारतो म्हणाला होतात. वर कोण आहे? त्याचं नाव काय? त्याने काय उत्तर दिलं? एकवीस बायांच्या छातीतून निघालेला कागद तुमच्या कुठल्या कपाटात आहे, की कपाटातही नाही, रद्दीत गेला? येत्या गुरुवारी सकाळी मी शकीलाला घेऊन नगरला जातेय. तिथले मोठे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि ती पुन्हा माझ्याकडे बघेल. तिला मी काय सांगू, ते तुम्ही येऊन मला सांगा. बुधवारी मी दिवसभर शेडवर आहे. या वेळी बूट काढायची गरज नाही. पण जे बोलाल ते मी लिहून घेणार, आणि खाली सही लागेल.